काटा जरा खोटाच हवा

माझ्या मेहुण्याने आजवर एकही विमान उडवलेलं नाही. विमानाशी त्याचा प्रत्यक्ष संबंध खिडकीची जागा मिळवण्यापुरता. पण सेस्ना १७२ मध्ये वैमानिकासमोर उपकरणांचं जे पॅनेल असतं, त्यावरचा डावीकडून तिसरा स्क्रू किती फिरून थांबलाय हे तो झोपेत सांगेल. दिवसा हा गृहस्थ हिंजवडीला बँकांचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि रात्री जेवणं उरकली की फ्लाइट सिम्युलेटरमधल्या विमानांसाठी उपकरणं घडवतो. वेग दाखवणारी, उंची दाखवणारी, दिशा दाखवणारी. तो त्यांना गेज म्हणतो. माझ्या सासूबाई घड्याळं म्हणतात. "रात्री दोनपर्यंत घड्याळं करत बसतो आणि सकाळी आठ वाजलेले त्याला कळत नाहीत," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे विमान उडवायचा खेळ, असं मी एका दिवाळीला सहज बोलून गेलो. तो फराळ फार शांततेत पार पडला. या मंडळींसमोर 'खेळ' हा शब्द काढायचा नसतो. इतिहास मात्र माझ्या बाजूने आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण होता. वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना. तिथलेच भाते आणि हवेच्या नळ्या वापरून त्याने १९२९ मध्ये जागच्या जागी डुलणारं, कलणारं एक बुटकं विमान केलं. गंभीर लोकांनी ते मनावर घेतलं नाही, म्हणून सुरुवातीला त्याची रवानगी जत्रेत आणि करमणुकीच्या बागांत झाली. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपालाचं काम आलं, ढगांत आणि अंधारात चाचपडत वैमानिक मरू लागले, तेव्हा लष्कराने अशी सहा यंत्रं विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या निळ्या खोक्यात बसून शिकले. तेव्हा खेळ तो होताच. फक्त आधी खेळ होता आणि मग गंभीर झाला. मेहुण्याचं नेमकं उलटं चाललंय, पण हे मी त्याला सांगितलेलं नाही. पुढची दिवाळी आहे.

तर मूळ अडचण अशी. सिम्युलेटरमधल्या विमानाची उंची संगणकाला ठाऊक असते आणि तीही अंदाजे नव्हे, दशांश चिन्हापुढे पाच-सात आकडे लागतील इतकी. विमान कुठे आहे, किती कललंय, किती वेगात आहे, हे सगळं त्यानेच तर ठरवलेलं असतं. मग काटा नेऊन त्या आकड्यावर ठेवला की काम झालं, असं कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल. शहाणी माणसं आणि गेज करणारी माणसं इथेच वेगळी होतात. कारण खऱ्या विमानातल्या उपकरणाला बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. अल्टीमीटरला उंची कळत नाही. त्याच्या पोटात पातळ पत्र्याच्या हवाबंद डब्या असतात. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की त्या फुगतात, आणि ती बातमी दातेरी चाकांतून फिरत फिरत काट्यापर्यंत येते. हवा बदलून दाब उतरला, की जमिनीवर खुंटीला बांधून ठेवलेलं विमानसुद्धा आपण वर चढलो असं सांगू लागतं. म्हणून अल्टीमीटरला एक छोटी खिडकी ठेवलेली असते. पॉल कोल्समन यांच्या नावाने ती ओळखली जाते. उड्डाणाआधी तिथे त्या दिवसाचा दाब लावायचा. प्रमाण दाब २९.९२ इंच, म्हणजे १०१३ हेक्टापास्कल.

फ्लाइटगिअर नावाचा एक फुकट आणि खुला सिम्युलेटर आहे. १९९७ पासून जगभरची माणसं पदरमोड करून तो वाढवतायत. माझा मेहुणा त्यांच्यातलाच एक. त्यात उंचीसाठी दोन वेगळे कप्पे आहेत. एकात खरी उंची आणि दुसऱ्यात उपकरणाला वाटणारी उंची. काटा जोडायचा तो दुसऱ्या कप्प्याला.

"आणि पहिल्याला जोडला तर?" मी विचारलं.

"भाऊजी, जो माणूस काटा डायरेक्ट खऱ्या उंचीला जोडतो ना," तो आवाज खाली आणून म्हणाला, "तो आयुष्यात काहीही करू शकतो."

म्हणजे या सगळ्या कलेचं सार एवढंच, की ज्याला सत्य पक्कं ठाऊक आहे अशा यंत्राला रीतसर खोटं बोलायला शिकवायचं. वाटेल तसं खोटं बोलून चालत नाही. खरं उपकरण ज्या बाजूला, जितकं आणि जितक्या उशिरा चुकतं, त्याच बाजूला, तितकंच आणि तितक्याच उशिरा चुकायला हवं.

वेगाचा काटा घ्या. नवशिक्याने केलेलं उपकरण ओळखायची खूण म्हणजे विमान धावपट्टीवर हललं की काटा शून्यापासून इमानदारीत सरकू लागतो. खरा काटा असं करत नाही. पंखाखालच्या नळीत समोरून हवा घुसते, तिचा रेटा सुरुवातीला इतका क्षीण असतो की काटा ढिम्म बसून राहतो. मग चाळीस नॉटच्या आसपास त्याला एकदम जाग येते. या क्षणाला वैमानिक मोठ्याने 'एअरस्पीड अलाइव्ह' म्हणतात. मेहुण्याने ती जाग इतकी हुबेहूब आणली की पहिल्यांदा काटा उठला तेव्हा त्याने बायकोला हाक मारली. ती धावत आली, काट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, बंद पडलं होतं का?"

चढ-उताराचा वेग दाखवणारं उपकरण तर उशिरासाठीच प्रसिद्ध. त्यात मुद्दाम एक बारीक गळती ठेवलेली असते आणि त्या गळतीवरच ते चालतं. विमान वर निघालं की नेमका आकडा सांगायला ते सहा ते नऊ सेकंद घेतं. नाक झटक्यात वर उचललं तर आधी क्षणभर उलटंच सांगतं. लग्नातल्या त्या मामांसारखं, जे जेवणं आटोपल्यावर येतात आणि आल्या आल्या चुकीच्या वधूपित्याला नमस्कार करतात. हा उशीर गणिताने घालावा लागतो. मेहुणा महिनाभर त्या उशिरावर काम करत होता. तो उशीर वेळेत पूर्ण झाला नाही, हे वेगळं सांगायला नको.

दिशा दाखवणाऱ्या उपकरणात गरगर फिरणारा जायरो असतो. तो अवकाशात आपली दिशा सोडत नाही, आणि अडचण नेमकी तीच, कारण खालची पृथ्वी फिरतेय. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्याला अक्षांशाच्या साइनने गुणायचं. पुण्याच्या अक्षांशावर ते होतात तासाला सुमारे पावणेपाच अंश. बेअरिंगच्या घर्षणाने होणारी घसरण आणखी वेगळी. म्हणून दर पंधरा मिनिटांनी होकायंत्र पाहून हे उपकरण जुळवून घ्यायचं. आणि होकायंत्र? ते तर खोटं बोलण्यात सगळ्यांचा गुरू. उत्तरेकडे तोंड असताना उजवीकडे वळा, ते आधी डावीकडे वळल्याचं दाखवतं. पूर्वेला जाताना वेग वाढवा, उत्तरेला निघालात म्हणून सांगतं. हे सगळं पृथ्वीचं चुंबकत्व जमिनीकडे कललेलं असल्यामुळे होतं. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जातं, त्यामुळे आपल्याकडे हा कल अमेरिकेपेक्षा कमी, म्हणून होकायंत्राचा खोटेपणाही कमी. "म्हणजे आपल्याकडे कंपास जास्त प्रामाणिक आहे, भाऊजी," मेहुणा जरा ओशाळून म्हणाला. देशाभिमान वाटावा की उपकरण अवास्तव वाटेल म्हणून काळजी करावी, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

एवढं शास्त्र झाल्यावर दिसण्याचं काम सुरू होतं, आणि तिथे आमच्या घरातली शांतता खऱ्या अर्थाने धोक्यात येते.

खऱ्या उपकरणांचे फोटो मिळवायचे, तिरके असतील तर सरळ करायचे. तबकडी वेगळी, काटा वेगळा, वरची काच वेगळी, भोवतीची कडी वेगळी, असे थर करायचे. काटा आणि तबकडी अगदी एकाच पातळीत ठेवली तर पुढे कोण आणि मागे कोण हे संगणकाला ठरवता येत नाही, आणि दोघं आलटून पालटून लुकलुकत राहतात. म्हणून काटा मिलिमीटरभर वर उचलायचा. आकड्यांची ठेवणही मनाला येईल तशी चालत नाही. विमानाच्या तबकड्यांवरची अक्षरं आणि आकडे कसे काढायचे याचं अमेरिकी लष्कराचं एक स्वतंत्र मानक आहे, एमएस ३३५५८ नावाचं. ज्ञानेश्वरीची पोथी कापडात बांधून ठेवावी तसं मेहुण्याने ते संगणकात तीन ठिकाणी जपून ठेवलंय. अल्टीमीटरवर एरिअल फॉन्ट दिसला की त्याच्या चेहऱ्यावर वैयक्तिक दुःख उमटतं. त्याच्याबरोबर सिनेमा पाहायला बसू नये. पडद्यावर विमान कोसळत असतं, नायिका हंबरडा फोडत असते आणि हा म्हणतो, "ताई, थांबव, थांबव. जरा मागे घे. अल्टीमीटर आठ हजार दाखवतोय आणि व्हर्टिकल स्पीड शून्य. असं कसं कोसळतंय?"

आता तो स्क्रू. उपकरणाचा मानक व्यास तीन पूर्णांक एक अष्टमांश इंच आणि चार कोपऱ्यांना चार स्क्रू. एक स्क्रू काढायचा आणि सगळीकडे चिकटवायचा, हे मलाही सुचलं असतं. पण मग सगळ्या स्क्रूंच्या माथ्यावरच्या अधिक-चिन्हासारख्या खाचा एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहतात आणि पाहणाऱ्याला का कोण जाणे पण सगळं नकली वाटू लागतं. म्हणून प्रत्येक स्क्रू वेगळा फिरवायचा. त्यातल्या एकाच्या माथ्याचा रंग उडालेला हवा, कारण कुठल्या तरी मेकॅनिकने घाईत चुकीचा स्क्रूड्रायव्हर घातलेला असणार. त्या मेकॅनिकचा स्वभावही मेहुण्याने ठरवलेला आहे. तो डावखुरा आहे.

धुळीचं प्रकरण याहून नाजूक. काचेवर धूळ, कडीच्या खाचेत मळ, ज्या बटणाला रोज बोट लागतं तिथे झिजून आलेली चमक, हे सगळं वेगळ्या चित्रांत रंगवून त्या पृष्ठभागावर चढवायचं असतं. कुठे किती खरखरीत आणि कुठे किती गुळगुळीत, प्रत्येक ठिकाणचा नकाशा. एकदा मेहुण्याच्या बायकोने त्याचं टेबल पुसायला फडकं हातात घेतलं, तर हा किंचाळला, "पुसू नकोस! रेफरन्स आहे!" मॉनिटरच्या मागे चार महिन्यांची धूळ कडेकडेने कशी साचते याचे त्याने आधीच वेगवेगळ्या उजेडात फोटो काढले होते, पण संध्याकाळच्या उन्हातला अजून बाकी होता. ती माझ्या बायकोला फोनवर म्हणाली, "ताई, याला घरातली धूळ कधी दिसली नाही, आणि आता दिसली तर ती हवी आहे."

मला मात्र या सगळ्यात एक गोष्ट फार आवडली. जुन्या अल्टीमीटरला तीन काटे असतात. एक शेकड्यांचा, एक हजारांचा, एक दहा हजारांचा. ही रचना वाईट आहे हे जगाला फार पूर्वीच कळलं. पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी १९४७ मध्ये अमेरिकी वैमानिकांच्या उपकरणं वाचतानाच्या २७० चुका तपासल्या. अनेक फेरे घेणारे काटे वाचताना माणूस गोंधळतो, हे त्यात ठळकपणे आलं. पुढच्या काळात आकडा सरळ दाखवणारे अल्टीमीटर आले. मेहुण्याला ती वाईट रचना दुरुस्त करायला पाच मिनिटं लागली असती. त्याऐवजी त्याने तीनही काटे, दहा हजारांच्या काट्याच्या टोकावरच्या त्या बारीक त्रिकोणासकट, तितकेच गोंधळ घालणारे होतील याची काळजी घेतली. नंतर तो स्वतःच त्यात फसला आणि लोहगावच्या धावपट्टीच्या हजारभर फूट वरून, उतरल्याच्या आविर्भावात, विमाननगरकडे निघून गेला. त्या रात्री तो फार आनंदात होता.

ओझरची गोष्ट सांगायलाच हवी. मेहुण्याच्या सासरचे एक काका ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झाले. मिग-२१ तिथेच बनायची. २०२५ च्या सप्टेंबरात हवाई दलाने चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा मेहुण्याला एकदम भरून आलं आणि त्याने मिग-२१ चं कॉकपिट हाती घेतलं. ते जग निराळंच. सोव्हिएत क्षितिजदर्शकात वळताना क्षितिज कलत नाही, विमानाची छोटी आकृतीच कलते. आपण जमिनीवर उभं राहून मागून विमान पाहतोय असं वाटतं. पाश्चात्त्य पद्धतीत याच्या उलट. पॅनेलचा रंग मोरपिशी म्हणावा असा हिरवट निळा. आणि पॅनेलच्या मधोमध वरून खाली एक पांढरी पट्टी, विमान गरगरायला लागलं तर दांडा या पट्टीवर आणा, असं सांगणारी. गोंधळलेल्या वेळी वाचायला काही नको, फक्त रेघ. मला हे फार पटलं. आमच्या सोसायटीच्या सभेत टेबलावर अशी एक रेघ हवी.

मेहुण्याने काकांना स्क्रीनसमोर बसवलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा वर करून म्हणाले, "रंग चुकला."

"कुठे चुकला, काका? मी फोटोवरून घेतलाय."

"फोटो कोणी काढला? रंग जरा मळका होता. वर्षभर ऊन खाल्लं की असा नसतो राहत." मग स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन, "आणि ही सुई इतकी स्थिर कशी? इंजिन चालू आहे ना?"

त्या एका प्रश्नावर मेहुण्याचे तीन आठवडे गेले. प्रत्येक काट्याला थरथर द्यायची, पण सगळ्यांना सारखी नाही. जो हलका तो जास्त थरथरणार, जो तेलात बुडालेला तो कमी. इंजिनाचे फेरे वाढले की थरथरीचा ताल बदलणार. काकांना पुन्हा बोलावलं. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि विचारलं, "आणि वास?"

काही जण मात्र पडद्यावर भागत नाही म्हणून खरोखरचं कॉकपिट घरात बांधतात. मेहुण्याचा एक मित्र त्यातला. त्याच्या तिसऱ्या बेडरूममध्ये बोइंग ७३७ चं नाक आहे. गाडीच्या डॅशबोर्डात काटे फिरवायला जी छोटी स्टेपर मोटर असते, ती या कामाला चालते, पण तिला ३१५ अंशांनंतर अडथळा असतो. वेगाच्या काट्याला चालेल, अल्टीमीटरच्या गोल गोल फिरणाऱ्या काट्याला नाही. अक्षरं उजळावीत म्हणून पांढऱ्या ॲक्रिलिकवर काळा रंग मारून लेसरने अक्षरापुरता रंग उडवायचा आणि खालून एलईडी लावायचा. हे सगळं सामान पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतं. आम्ही एकदा तिघं तिथे गेलो. मित्राने टॉगल स्विच मागितला. दुकानदाराने चार प्रकार टाकले. मित्र डोळे मिटून प्रत्येक स्विच वर-खाली करत राहिला. खट्. खट्. खट्टक्. दुकानदार गिऱ्हाइकं सोडून त्याच्याकडे बघू लागला.

"साहेब, लाइट लावायचाय का पंखा?"

"हायड्रॉलिक पंप," मित्र म्हणाला.

दुकानदाराने शांतपणे चारही स्विच परत डब्यात टाकले आणि म्हणाला, "पंपाला एमसीबी घ्या, हे जळतील."

काच-कॉकपिटवाल्या नव्या विमानांबद्दल मेहुणा फार बोलत नाही. तिथे काटे नाहीत, नुसते पडदे. म्हणजे पडद्यावर पडदा काढायचा. त्यात जीव कसा आणायचा, तर त्यावर बोटांचे ठसे आणि सनस्क्रीनचा डाग उमटवून. तो डाग त्याने केलाय, पण मन लावून नाही.

सध्या चाललेलं काम त्याच्या आजवरच्या कामगिरीचा कळस आहे, असं तो म्हणतो. भाड्याने मिळणाऱ्या जुन्या सेस्नांमध्ये एखादं उपकरण बंद पडलेलं असतंच. अमेरिकी नियमाप्रमाणे, ज्याच्यावाचून भागतं असं उपकरण बंद असेल तर ते निष्क्रिय करून, त्यावर 'चालत नाही' अशी चिठ्ठी चिकटवून उडता येतं. मेहुण्याने पॅनेलवरच्या घड्याळासाठी अशी चिठ्ठी केलीय. फिकट पिवळा मास्किंग टेप, एक कोपरा सुटून वळलेला, त्यावर मार्करने घाईत लिहिलेली चार इंग्रजी अक्षरं. टेपखालून घड्याळाचा मिनिटकाटा अर्धा डोकावतो, आणि तो वाजून एकोणीस मिनिटांवर कायमचा थांबलेला आहे. अक्षर डावखुऱ्या माणसाचं आहे. त्या मेकॅनिकचंच, हे आलं तुमच्या लक्षात.

हे वापरायला दिल्यावर दोनच दिवसांत पहिली मागणी आली. टेपवर क्लिक केलं की तो निघावा, आणि खालचं घड्याळ बरोबर वेळ दाखवावं. मेहुणा आता रोज रात्री बसून ते घड्याळ दुरुस्त करतोय. दिवसाकाठी ते चाळीस सेकंद मागे पडायला हवं, असं त्याने ठरवलंय.